जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलचा सूड

मी एक जुनी सायकल आहे. थांबा मित्रांनो, घंटी शोधू नका. मला घंटी नाही, कॅरिअर नाही, मागचं चाकसुद्धा नाही. मी व्यायामाची सायकल. जन्मभर जागच्या जागी फिरले. तरीही मी एका मोठ्या माणसाला लोळवलं आहे, आणि तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. शांतपणे सांगेन असं काही वचन देत नाही. माझं अंग गंजलं, पण राग अजून गंजलेला नाही.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचं जड चाक, काळ्या रेग्झिनची गादी आणि हँडलच्या मधोमध एक चौकोनी मीटर. बसलेला माणूस किती वेळ आणि किती जोर लावून पॅडल मारतो, ते तो मीटर दाखवायचा. माझ्या सगळ्या अवयवांत मला त्याचाच अभिमान होता. चाक काय, कुणीही फिरवावं आणि त्यानं फिरावं. मीटर मात्र कुणाचं तोंड पाहून बोलत नसे.

ट्रकमधून उतरले ती थेट वर्ध्यात, आर्वी रोडवरच्या एका खासगी व्यायामोपचार केंद्रात. मला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेरून दिवसभर आर्वीच्या एसट्या जात. माझ्यावर पहिले बसले ते सदाशिवराव, हृदयाचं ऑपरेशन झालेले निवृत्त पोस्टमास्तर. सुरुवातीला ते घाबरत घाबरत पॅडल मारत, आणि चार-सहा महिन्यांनी शिट्टी वाजवत मारू लागले. जाताना माझ्या गादीवर थाप मारून म्हणाले, "लय उपकार झाले बाई तुहे." दसऱ्याला मला झेंडूचा हार पडे, हँडलला हळदीकुंकू लागे. मित्रांनो, ते दिवस चांगले होते. व्यायामानं ज्यांचं भलं होतं, त्यांचं मी भलं केलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही सायकल व्यायामावरच उठली आहे.

केंद्राचे मालक होते डॉक्टर प्रफुल. उंच, हसरे आणि बोलायला गोड. त्यांना एकच हौस होती, दिल्लीच्या परिषदेत व्यासपीठावर उभं राहायची. एके दिवशी त्यांनी एक अभ्यास सुरू केला. विषय होता दीर्घकालीन थकव्याचा आजार.

हा आजार तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. माणसाला एखादा मोठा ताप येऊन जातो, पण अंगातली ताकद परत येतच नाही. झोपून उठलं तरी थकवा तसाच. त्यात सगळ्यांत वाईट हे, की जरा जास्त काम केलं की त्या वेळी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. मग दिवसच्या दिवस अंथरूण. वरून पाहिलं तर धडधाकट दिसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टर प्रफुल म्हणत, "या लोकांना आजार नाही, आजाराची भीती आहे. ती मोडायची. रोज थोडं थोडं जास्त पॅडल मारायचं, बस!" भिंतीवर तसा फलकही लागला: 'पॅडल मारा, थकवा हटवा.' अभ्यासाचा निकाल यायच्या आधीच फलक तयार होता, मित्रांनो! मला तेव्हाच काय ते कळायला हवं होतं.

याच अभ्यासात ज्योत्स्ना आली. पवनारजवळच्या गावची, तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डेंग्यूचा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून ही बाई धड उभी राहू शकली नव्हती. सोबत नवरा सचिन, शेती करणारा, कमी बोलणारा. तिची वैद्यकीय रजा संपत आली होती. शाळेचे साहेब विचारत होते की नक्की आजार काय आहे. घरात सासू यशोदाबाई विचारत होत्या की दिवसभर पडून राहायला बाईला होतंय तरी काय. ज्योत्स्नाला बरं तर व्हायचंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की आपण खोटं बोलत नाही हे कुणीतरी मान्य करावं.

तिनं कामचुकारपणा केला नाही. मी साक्षीला आहे. दात ओठ खाऊन पॅडल मारायची. तिच्या पायांची थरथर माझ्या सांगाड्यात उतरायची. पुढच्या खेपेला सचिन एकटाच आत येऊन सांगायचा, "साहेब, इथून गेली का मंग उठतच नाई. काल हातात चमचा धरवत नोता तिले."

"छान!" डॉक्टर म्हणायचे. "शरीर जागं होऊन राहिलंय. थांबायचं नाही. उद्या दोन मिनिटं वाढवू."

छान! चमचा धरवत नाही आणि छान! मला मस्तक नाही म्हणून बरं, नाहीतर तळपायाची आग तिथे गेली असती.

माझा मीटर मात्र आपलं काम करत होता. ज्योत्स्नाचा जोर वाढत नव्हता, घटत होता. रूपराव नावाचे एक शेतकरी येत, त्यांचाही घटत होता. जवळजवळ सगळ्यांची तीच गत. केंद्रात मेघा नावाची मुलगी कामाला होती, ती आकडे उतरवून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "सर, मीटरप्रमाणे तर कुणीच सुधारलेलं नाही."

डॉक्टरांनी आकडे पाहिले. हसू गेलं, मग परत आलं. "मीटर पाहून पेशंट घाबरतात. काढून टाक. आपण त्यांनाच विचारू कसं वाटतं ते."

स्क्रू ड्रायव्हर आला आणि माझा मीटर निघाला. हँडलच्या मधोमध एक भोक राहिलं, त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. मित्रांनो, साक्षीदाराची जीभ छाटून मग त्याला कोर्टात उभं करतात का हो? त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. सायकल काय करू शकते, ते मला अजून माहीत नव्हतं. पण ठरवलं.

यानंतर लोक गळू लागले. रूपराव एके दिवशी पॅडलवरून उतरले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मले नाई जमत बाप्पा. मी मरून जाईन." ते परत आले नाहीत. आणखीही काही जण आले नाहीत. मेघानं विचारलं, "सर, यांचं काय लिहू?" डॉक्टर म्हणाले, "ते अभ्यासातून गेले ना? मग त्यांचा प्रश्नच मिटला. जे टिकले तेवढेच धर." म्हणजे ज्यांना उपचारानं झोपवलं ते मोजायचेच नाहीत, आणि जे कसेबसे रांगत आले त्यांचाच निकाल लावायचा. वा रे वा!

शेवटी फोन सुरू झाले. मेघा माझ्या शेजारच्या टेबलावर बसून फोनचा स्पीकर चालू ठेवून एकेकाला विचारायची. आता तुम्ही कधी वर्ध्याकडच्या माणसाला 'कसं काय' विचारलं आहे का? तो काय म्हणतो? "बरं हाय जी!" ताप असो, पाय मोडलेला असो, घरात दुखवटा असो. पहिलं 'बरं हाय जी' म्हणायचं ही रीत आहे, समोरच्याचा मान आहे. खरं दुखणं त्याच्या पुढच्या वाक्यात असतं आणि ते 'पण'नं सुरू होतं.

ज्योत्स्नाला फोन लागला.

"कसं काय मॅडम?"

"बरं हाय जी मेघाताई. पण काल आंघोळ करून आली अन् तिथंच खाली बसली, मले..."

डॉक्टरांनी हात पुढे करून फोन बंद केला. "पहिलं उत्तर धरायचं. 'बरं आहे' असं लिही. पुढच्या गप्पा ऐकत बसलो तर अभ्यास कधी संपायचा?"

एवढं करूनही निकाल पुरेसा भरत नव्हता. मग त्यांनी पट्टीच हलवली. अभ्यासात घेताना शंभर गुणांच्या प्रश्नावलीत पन्नास किंवा कमी मिळाले तर तो माणूस आजारी धरला होता. आता ठरलं की चाळीसच्या वर गुण असले की तो माणूस बरा. ज्योत्स्ना आली तेव्हा अठ्ठेचाळीस होते, संपलं तेव्हा बेचाळीस. म्हणजे ती खालावली आणि त्याच आकड्यावर बरीही झाली! मेघानं तसंच लिहिलं. नोकरी करणारी पोर, दुसरं काय करणार?

लेख छापून आला. पेपरात बातमी आली, बऱ्या झालेल्यांच्या नावांसकट, त्यात ज्योत्स्नाही. डॉक्टर केंद्रातल्या सगळ्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि मी लोंबत्या वायरींनिशी ऐकत होते.

आठवड्याभरात सचिन आला. एरवी कमी बोलणारा माणूस, त्या दिवशी दारातूनच बोलत आला. "साहेब, हे काय छापून आणलं? तुमचा मार्कांचा कागद शाळेच्या साहेबाच्या टेबलावर गेला. आता म्हणते तुमची बायको बरी झाली, रजा नाई भेटत. शाळेत रुजू व्हा, नाई त नोकरी जाईन. अन् माही माय पेपर घेऊन तिच्या खाटेपाशी उभी. म्हणते, सुनबाई, तू त बरी झाली म्हणते पेपरात, मंग काऊन लोळून राह्यली? उठवलं न तिले भाकरी थापायले! ते चुलीपाशीच पडली साहेब."

"सचिनभाऊ, हीच ती भीती," डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "असं करा, पुढच्या रविवारी इथे माझा सत्कार आहे. मॅडमला घेऊन या. चार लोकांसमोर बोलतील, आत्मविश्वास येईल."

मला वाटलं, ती कशाला येते! पण ती आली.

त्या रविवारी हॉल भरला होता. 'थकव्यावर विजय' असा फलक, खुर्च्यांना पांढरे कपडे, बशीत वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. अध्यक्ष म्हणून नागपूरचे एक वृद्ध प्राध्यापक प्रभाकरराव आले होते. मला व्यासपीठावर चढवायचं होतं, अंगावर झेंडूचा हार घालून. दोन माणसं मला उचलत होती. डॉक्टरांना फोटो हवा होता. "सोडा, मी ढकलतो, तुम्ही फोटो काढा," म्हणून त्यांनी स्वतः माझं हँडल धरलं. आता, माझ्या मागच्या पायाचा एक स्क्रू कितीतरी दिवसांपासून ढिला होता. मेघानं तीनदा सांगूनही तो कसला गेला नव्हता. मी कलले. आणि मित्रांनो, खरं सांगू? मी सावरायचा काडीमात्र प्रयत्न केला नाही. माझं पोलादाचं चाक सगळ्या वजनानिशी डॉक्टरांच्या पायावर उतरलं.

ते ओरडले! हॉलभर ओरडले. मेघानं बर्फ लावला, पट्टी बांधली, एक काठी आणून दिली. त्या दोन माणसांनी मला व्यासपीठावर उभं केलं. कार्यक्रम रद्द करणार का, असं कुणीतरी विचारलं. छे! दिल्लीचं बोलावणं त्याच कार्यक्रमात जाहीर व्हायचं होतं. पाय उशीवर ठेवून ते खुर्चीत बसले आणि हसरा चेहरा लावून घेतला. मला अगदी थंडगार वाटलं.

मग ज्योत्स्नाला बोलावलं. सचिननं तिला दंडाला धरून आणलं. मागे यशोदाबाई, पदर आवळून, तोंड घट्ट मिटून. सुनेनं चारचौघांत काय तमाशा लावला आहे, अशा नजरेनं त्या पाहत होत्या. सचिन मेघाच्या कानाशी म्हणाला, "नको जाऊ म्हटलं मी. हा एक दिवस तिले महिनाभर लोळवन. पण आयकते कुठं? तो लेख वाचला तिनं, झोपल्या झोपल्या, रोज जरासक."

ज्योत्स्नाला माइक पेलला नाही. मेघानं तो तिच्या तोंडासमोर धरला. ज्योत्स्ना डॉक्टरांकडे वळली.

"नमस्कार सर. कसं काय?"

"बरं आहे, बरं आहे!" डॉक्टर सवयीनं म्हणाले.

"मेघाताई, लिहून घ्या. सर बरे झाले."

लोक हसले. डॉक्टरही हसले. ज्योत्स्ना हसली नाही.

"आता सायकलवर बसा सर."

"अहो मॅडम, पण माझा पाय..."

"पणच्या पुढचं नाई लिहीत सर. तुमच्याच लेखात छापलं हाय, पहिलं उत्तर धरलं म्हणून. मीही फोनवर बरं हाय जी म्हटलं. आपल्या इकडे पहिलेच 'बरं नाई' असं कोणी म्हणते का हो? मरायले टेकलेला माणूस पहिले बरं हायच म्हणते, मंग सांगते का छातीत दुखून राह्यलं. तुम्ही त वर्ध्याचेच न सर? तुमाले मालूम नोतं?"

आता हसू थांबलं होतं. तिचा आवाज बारीक होता, वाक्याच्या मधे दम घ्यावा लागत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता.

"मी मास्तरीण हाय. पन्नासच्या खाली मार्क म्हणून एका पोराले जादा तासाले बसवलं, अन् वर्षाच्या शेवटी त्याचे मार्क आणखी कमी झाले, त मी त्याले पास म्हणू? तुम्ही मले पास म्हटलं. अठ्ठेचाळीसची मी बेचाळीसवर आली, अन् मी बरी! अन् रूपरावभाऊ कुठं हायेत? ते उपचार सोडून गेले म्हणून मोजलेच नाई तुम्ही. शाळा सोडून गेलेले पोरं काढून टाकले न सर, त माहा निकालही शंभर टक्के लागन."

डॉक्टर उठायला गेले आणि 'आई गं' म्हणून परत बसले. तोवर प्रभाकरराव आपल्या खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले होते. त्यांनी हार बाजूला केला. भोकातल्या दोन वायरी बोटानं वर उचलल्या.

"इथे मीटर असतो. तो कुठे आहे?"

मेघा बोलली, माइक तिच्या हातातच होता. "सरांनी काढायला लावला. आकडे खाली जात होते."

"पेशंट घाबरत होते," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट घाबरत होते, की तुम्ही?" प्रभाकरराव म्हणाले आणि आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "या सत्काराला मी बसणार नाही."

मित्रांनो, माझी जीभ कापली होती, पण तिच्या जागेचं भोक बोललं! मला पॅडल गरगर फिरवून नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात ज्योत्स्ना व्यासपीठावरच खाली बसली. सचिन धावला. आणि त्याच्याही आधी, कधी उठल्या कोण जाणे, यशोदाबाई तिच्यापाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिथूनच डॉक्टरांना म्हणाल्या,

"माह्या सुनेले खोटं पाडलं तुम्ही. तुमचा पेपर वाचून मी तिले खाटेवरून उठवलं, भाकरी थापायले लावलं. लोकायले सांगत फिरली मी, का सोंग करते म्हणून. ते पाप कोणाच्या माथी, डॉक्टर? बोला न! आता काऊन गप?"

यशोदाबाईंनी ज्योत्स्नाच्या तोंडावरून हात फिरवला. "चाल माय घरी. झोपजो तुले वाटन तितकं. कोणी काई म्हणन त मी हाय." ज्योत्स्ना तेव्हा रडली. इतके महिने माझ्यावर थरथरली, पण रडली ती तेव्हाच.

लेख मागे घेतला गेला. दिल्लीचं बोलावणं जाहीर झालंच नाही. प्रभाकररावांनी पत्र लिहिलं आणि ज्योत्स्नाची रजा मंजूर झाली. हे सगळं मेघानं रूपरावांना फोनवर सांगितलं तेव्हा मी ऐकलं. त्या रविवारनंतर ज्योत्स्ना दीड महिना उठली नाही, हेही तेव्हाच ऐकलं. ती अजून आजारीच आहे. माझ्या सुडानं तिचे पाय परत आले नाहीत. पण म्हणून मला पश्चात्ताप झाला असं समजू नका. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा कलेन, आणि या वेळी दुसऱ्या पायावर.

कारण त्या माणसाची शेवटची करामत ऐका. लेख मागे घेताना त्यानं कारण काय लिहिलं? 'व्यायामाच्या यंत्रातील बिघाडामुळे.' म्हणजे मी! मीटर काढला कुणी, पट्टी हलवली कुणी, फोन कापला कुणी, आणि बिघडले मी! मग बिघडलेली म्हणून त्यानं मला भंगारात विकलं. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन डॉक्टर व्हाल, संशोधन कराल. तेव्हा आमच्यासारख्या यंत्रांना तेल द्या, आमचे स्क्रू कसा, आणि आमचे आकडे तुम्हाला आवडले नाहीत तरी ते कापू नका. जे मधेच सोडून गेले त्यांच्या घरी जा आणि का गेलात ते विचारा. आणि आजारी माणूस बोलत असेल तर त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या.

आता मी भंगारवाल्याच्या अंगणात असते, चिंचेखाली. शाळा सुटली की मुली येतात आणि पाळीपाळीनं माझ्यावर बसतात. काल एक मुलगी खूप वेळ पॅडल मारत होती. मैत्रिणी ओरडत होत्या, आणखी, आणखी! मधेच तिनं पाय थांबवले.

"मी थकली," ती म्हणाली.

"मंग उतर न," दुसरी म्हणाली आणि तिला उतरायला हात दिला.